प्रोक्कोच्या नावाला ओ

उणे काळ चालत नाही, एवढंच संगणकाने सांगितलं आणि तो थांबला.

तीन देशांतल्या लोकांनी चार वर्षं खपून उभं केलेलं ते काम होतं. फिनलंड, एस्टोनिया आणि हॉलंडमधल्या माणसांचं वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं रक्त, त्या रक्तातले चयापचयाचे बारीक रेणू, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं याची सरकारी नोंद. या तिन्हींची सांगड घालून कोणता आजार रक्तात किती आधीपासून दिसू लागतो, ते शोधायचं होतं. हिशेब तसा साधा. रक्त दिलं त्या दिवसापासून आजार किंवा मरण येईपर्यंत किती काळ गेला? कुणाची दोन वर्षं, कुणाची तीस. फक्त एका माणसाचा काळ शून्याच्या खाली आला होता.

"विर्वे, तुमच्याकडच्या एकाने मेल्यावर तीन आठवड्यांनी रक्त दिलंय," पिरेत फोनवर म्हणाली. ती एस्टोनियात, तार्तूला बसायची. तिन्ही देशांची आकडेमोड तिच्याकडे होती.

"तारीख चुकली असेल कुणाची तरी."

"मलाही तेच वाटलं. तू दोन्ही तारखा तपास. आणि अजून एक गंमत आहे. या माणसाच्या रक्तात कॉफीचा मागमूस नाही."

"म्हणजे?"

"कॉफी प्यायल्यावर जे रेणू मागे राहतात, त्यातलं काही नाही. फिनिश माणूस आणि कॉफी नाही. मेलेल्याने रक्त दिलं हे मी एक वेळ मानेन बाई, पण हे कसं मानू?"

विर्वे हसली. मग तिने सवयीने विचारलं, "आणि धोक्याचा आकडा?"

पिरेतचा आवाज बदलला. "म्हणून तर फोन केला. हृदयविकाराच्या धोक्यात तो सगळ्यात वर आहे. तिन्ही देशांत पहिला. महिनाअखेरीला आकडे बंद करायचेत. तोवर काही कळलं नाही तर मी त्याला चूक म्हणून काढून टाकणार."

विर्वे सोइकेली फिनलंडमधल्या कुओपिओच्या नमुना-संग्रहात संकेतांक सांभाळायची. बाकी सगळ्यांना नळ्यांवरचे नुसते आकडे दिसायचे; आकड्यामागचं नाव उघडायचा अधिकार तिला आणि तिच्या वरिष्ठांना होता. तिने नाव उघडलं. प्रोक्को वोर्नानेन, गाव पालोवारा. वय एकोणपन्नास. पंचवीस वर्षांपूर्वी जंगलात लाकूड तोडताना हृदय बंद पडून गेलेला. मृत्यूची तारीख चर्चकडे तीच होती आणि सरकारकडेही तीच. रक्त घेणारी गाडी त्या गावात त्या शरद ऋतूत एकदाच गेली होती. चूक कुठेच नव्हती.

म्हणजे प्रोक्कोच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी हात पुढे केला होता.

आणि तो दुसरा कदाचित जिवंत होता. विर्वेच्या डोक्यातून ते जाईना. ज्यांचे आकडे फार वर आहेत त्यांना गाठून सावध करायची परवानगी नीतिमंडळाने दिली होती. पण मेलेल्याला कुणी पत्र पाठवत नाही. पिरेतने तो नमुना काढून टाकला, की त्या रक्ताचा खरा मालक आपल्या छातीत काय आहे हे न कळताच फिरत राहणार. तिचा नवरा आर्नो असाच फिरत राहिला होता. त्याचं रक्तही याच संग्रहात होतं आणि आकडाही वरचा होता. पण तेव्हा परवानगी नव्हती. परवानगी आली, तोवर आर्नोला जाऊन एक हिवाळा उलटला होता.

तिने पालोवाराला फोन लावला. प्रोक्कोची बायको मावरा अजून तिथेच राहत होती. "त्या रक्ताबद्दल होय?" मावरा म्हणाली, जणू कुणी विचारेल याची तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. "फोनवर नको. ये घरी."

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या कडेला बर्फ पातळ बसला होता आणि दुपार असूनही उजेड सांजेसारखा होता. पालोवाराच्या वळणावर एक जुना पाइन उभा होता. त्याच्या खालच्या फांद्या कधीकाळी छाटलेल्या, आणि खोडावर कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली. विर्वेच्या आजोळीही असं झाड होतं. कबरस्तानातून घराकडे निघालेला मेलेला माणूस ते झाड बघतो, आपलं नाव वाचतो आणि मागे फिरतो, असं लहानपणी सांगायचे.

मावराच्या स्वयंपाकघरात राय नावाच्या काळपट धान्याच्या, आत भात भरलेल्या पोळ्या भट्टीतून नुकत्याच निघाल्या होत्या आणि कोपऱ्यात संतांच्या चित्रापुढे दिवा होता. टेबलाशी एक उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. तो प्रोक्कोचा धाकटा भाऊ ओंत्रेई. शेजारच्याच घरात एकटा राहायचा, जेवायला वहिनीकडे यायचा.

"वाटेत झाड दिसलं?" मावराने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"दिसलं, आजी."

"ते तुमच्या लोकांचं. तुम्ही झाड छाटून मेलेल्याला वाटेतच अडवता. आमचे लोक रशियाच्या सरहद्दीपलीकडून आलेले. आम्ही घोडा आणि घसरगाडी पाठवून त्याला घरी घेऊन यायचो."

"वहिनी, ती रक्ताचं विचारायला आलीय, घोड्याचं नाही," ओंत्रेई म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, भावजी. एकातूनच दुसरं निघतं." मावरा विर्वेसमोर बसली. "हे बघ पोरी. आमच्यात माणूस गेला तरी सहा आठवडे तो घरातच असतो. त्याचं ताट मांडायचं. त्याची खाट घालायची. आणि कुणी त्याच्या नावाने हाक मारली, तर घरातल्या कुणीतरी ओ द्यायची. कुणीच ओ दिली नाही तर त्याला वाटतं, आपण इथे नाहीच की काय. मग तो स्वतःला शोधत फिरतो. सहा आठवडे संपले की त्याला जेवू घालून नीट वाटेला लावायचा. त्याच्या आधी नाही."

"आणि गाडी त्या सहा आठवड्यांत आली."

"बोलावणं प्रोक्कोच्या नावाने आलं. तो जायच्या आधीच टपालात पडलं असणार. शाळेत नर्स बसणार, नावं पुकारणार, हे सगळ्या गावाला माहीत. आता भरल्या शाळेत त्याचं नाव पुकारलं जाणार आणि कुणी ओ देणार नाही? मी यांना म्हटलं, भावजी, तुम्ही जा."

"आणि तुम्ही गेलात, काका?"

"जाऊ नको तर काय करू? हिला नाही म्हणून बघ एकदा." ओंत्रेईने पोळीवर लोणी फासलं. "त्याचा कोट घातला, त्याची टोपी घातली. कोट आखूड. बाह्या इथवर. ती नर्स म्हणते, वोर्नानेन, कोट धुतल्यावर आटला वाटतं. म्हटलं, हो, मीच वाढलो. नाव पुकारलं, ओ दिली, हात पुढे केला. संपलं."

"गावातलं कुणी काही बोललं नाही?"

"सगळ्यांना माहीत होतं. रांगेत माझ्या मागे दुकानदार होता. त्याने मला 'प्रोक्को, सरक पुढे' म्हटलं."

ही रीत विर्वेने कधी ऐकली नव्हती, पण ती तिला वेडगळ वाटली नाही. कोडं सुटलं याचंच तिला बरं वाटलं. ओंत्रेई जिवंत होता आणि समोर बसून पोळी खात होता. तिने कागद काढला नाही, आकडा सांगितला नाही. समजेल अशा शब्दांत सांगितलं, की त्या रक्तात हृदयाच्या आजाराची खूण फार मोठी होती, इतकी मोठी आम्ही कुठेच पाहिली नव्हती. तुम्हाला तपासायला हवं, छातीचा फोटो काढायला हवा, आणि त्याआधी पुन्हा एकदा रक्त द्यायला हवं.

ओंत्रेईने शांतपणे ऐकून घेतलं. "ते रक्त माझं नाही," तो म्हणाला.

"काका, सुई तुमच्या हातात टोचली ना?"

"हात माझा. पण त्या दिवशी मी तो होतो. त्याच्या नावाने ओ दिली, मग दिलं तेही त्याचंच. आता माझं म्हणून कसं परत घेऊ? उलट सांगतो, सुई आत गेली तेव्हा हात खांद्यापर्यंत गार पडला. ओढ्यात घातल्यासारखा. घरी येऊन हिला सांगितलंय मी."

"सांगितलं होतं," मावरा म्हणाली.

"घाबरला असाल. उपाशीपोटी होतं असं."

"उपाशी कुठला? म्हणजे उपाशीच. फक्त कॉफी घेतली होती. चार कप. पहाटेपासून जागा होतो."

विर्वेने कप खाली ठेवला. "चार कप? गाडीवर जायच्या आधी?"

"उपाशी या म्हणाले होते. कॉफी म्हणजे काय खाणं आहे?"

"गावातला एकूण एक माणूस कॉफी पिऊन आला होता त्या दिवशी," मावरा म्हणाली. "शाळेत कोनाड्यात किटली ठेवली होती, रांगेतल्या लोकांसाठी."

विर्वे कपाकडे बघत राहिली. चार कप कॉफी दोन तासांत रक्तातून धुऊन निघत नाही. कुणाच्याच नाही. तिने मनाशी म्हटलं की इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला नीट आठवत नसेल. मग विचारलं, "प्रोक्को प्यायचे का कॉफी?"

"प्यायचा?" मावरा हसली. "किटली त्याच्यासाठी वेगळी होती. तीन आठवडे मी रोज त्याच्या ताटाशी भरलेला कप ठेवला. रोज संध्याकाळी तसाच भरलेला परत काढला."

बाहेर कुठेतरी झाडावरून बर्फ घसरला.

"तुझ्या घरी कोण असतं, पोरी?" मावराने विचारलं.

"मी एकटीच. नवरा गेला, आजी. दोन वर्षांपूर्वी. हृदयानेच. त्याच्या रक्तातही अशीच खूण होती, याच्याइतकी नाही, पण होती. मला सांगता आलं नाही."

"त्याला अजून कुणी हाक मारतं?"

विर्वेला प्रश्न कळायला क्षणभर लागला. "फोन येतात. मासिकवाले, विजेची कंपनी बदला म्हणणारे. सोइकेली साहेब आहेत का विचारतात."

"मग तू काय म्हणतेस?"

"घरी नाहीत म्हणते."

"म्हणजे बाहेर गेलाय." मावराने तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. "कुठे पाठवलंस त्याला?"

ओंत्रेईने खुर्ची मागे सारली आणि तो उभा राहिला. आता त्याचा आवाज निराळा होता. "पुरे, वहिनी. छळू नकोस तिला." मग विर्वेला म्हणाला, "येतो मी. पुढच्या आठवड्यात बस असते. पण माझ्या नावाने येणार. आणि ते आधीचं माझं नाही, हे तुला सांगून ठेवतो."

"कॉफी न पिता या, काका."

"मग माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस."

तो आला तो खरोखरच करवादलेला. अंगात स्वतःचा चांगला कोट, बाह्या मनगटापर्यंत. प्रतीक्षाकक्षात त्याच्याखेरीज कुणी नव्हतं. कॉफीच्या यंत्राकडे तो असा बघत होता, की यंत्रानेच त्याचं काही बिघडवलंय असं वाटावं. विर्वे दाराशी उभी होती. नर्सने पुकारलं, "ओंत्रेई वोर्नानेन."

तो हलला नाही.

नर्सने पुन्हा नाव घेतलं. ओंत्रेईने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तसा किंचित थांबला, आणि मग उठला. "मीच," तो म्हणाला. "मीच तो."

सुई आत गेल्यावर त्याने विर्वेला सांगितलं, "बघ. गार नाही पडला."

रेणूंचा अहवाल आधी आला. बहात्तर वर्षांच्या माणसाचं असावं तसं रक्त होतं. काळजीचं काही नाही. छातीच्या स्कॅनमध्येही रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. विर्वेला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रक्त वर्षांगणिक बदलतं, माणूस सिगारेट सोडतो, लोणी कमी खातो. पण इतकं? आणि तो लोणी तर बोटभर लावत होता. दोन्ही नमुने एकाच माणसाचे आहेत एवढं एकदा सिद्ध झालं असतं, की जुना नमुना त्याच्या नावावर नीट चढवता आला असता. त्यासाठी दोन्ही रक्तांचा डीएनए पडताळायला हवा होता. तेव्हाची दुसरी नळी त्यासाठीच जपलेली होती. तिने ती आणि ओंत्रेईच्या नव्या रक्ताची नळी अशा दोन्ही तार्तूला पाठवल्या.

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना पिरेतचा फोन आला. एरवी ती हवामानाला शिव्या देऊन सुरुवात करायची. आज तसं काही नाही.

"हा तो माणूस नाही, विर्वे."

"म्हणजे नळ्या बदलल्या?"

"ऐक. जुनं रक्त आणि नवं रक्त दोन वेगळ्या पुरुषांचं आहे. पण परके नाहीत ते. सख्खे भाऊ आहेत. मी तीनदा चालवून बघितलं."

विर्वे खिडकीपाशी गेली. खाली वाहनतळावर एक बाई गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती.

"तिसरा भाऊ असेल," पिरेत म्हणाली.

"बघते."

तिने पाहिलं. जनगणनेच्या नोंदीत वोर्नानेनांच्या घरी चार मुलं होती, दोन मुलगे आणि दोन मुली. तिने ओंत्रेईला फोन केला आणि त्यालाही विचारलं. भाऊ किती होते?

"दोघंच. मी आणि प्रोक्को. का?"

"प्रोक्कोंनी कधी कुठे रक्त दिलं होतं? इस्पितळात? सैन्यात?"

"तो? त्याला सुईची इतकी भीती, की गाईला टोचायला डॉक्टर आला तरी हा जंगलात पळायचा." ओंत्रेईने फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला. "काय निघालं, बाई?"

विर्वेने ठरवलं होतं की आधी चांगली बातमी सांगायची. "तुम्हाला काही धोका नाही, काका. तुमचं रक्त चांगलं आहे. छातीही चांगली आहे. जुनी खूण तुमची नव्हती."

"ते मी सांगितलंच होतं."

"ती तुमच्या भावाची होती."

पलीकडे भांडी वाजली, मावरा काहीतरी विचारत होती, आणि ओंत्रेई तिला म्हणाला, "काही नाही वहिनी, मी बरा आहे म्हणतेय." मग तो पुन्हा फोनवर आला, आवाज खाली करून. "म्हणजे तो स्वतः आला होता. मी उगाच कोट घालून गेलो."

"काका, याला दुसरं काही कारण असेल. आम्ही अजून शोधतोय."

"शोधा की." त्याने श्वास सोडला. "सुईला एवढा भ्यायचा. तरी आला. नाव पुकारलं म्हणून." आणि जरा वेळाने, "मी त्याच्या मांडीवर बसलो होतो की काय त्या दिवशी, देव जाणे. हिला नको सांगू. ती त्याचं ताट पुन्हा मांडायला लागेल."

त्याने फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी तिन्ही देशांची बैठक पडद्यावर झाली. हॉलंडमधल्या लायडनच्या लोकांनी आलेख दाखवले, कुणीतरी लेखाच्या मथळ्यावरून वाद घातला. बैठक संपल्यावर पिरेत आणि विर्वे दोघीच उरल्या.

"मी काय करू त्याचं?" पिरेतने विचारलं. "खरं सांगू का, त्याचा आकडा बरोबर आहे. त्या रक्ताने सांगितलं हा माणूस हृदयाने मरणार, आणि तो हृदयानेच मेला. इतकं नेमकं एकही नळी बोललेली नाही. फक्त क्रम उलटा आहे."

"उणे काळ चालत नाही."

"नाही चालत."

"मग काढ."

पिरेतने एक ओळ पुसली आणि कळ दाबली. या वेळी आकडेमोड कुठेच अडली नाही. हजारो माणसांचे काळ एकामागून एक जुळत गेले, आणि शेवटी जो आलेख आला तो नितळ आणि पटणारा होता. पिरेतने थकून डोळे चोळले. "नळी तुझ्याकडे परत पाठवलीय, पोचली असेल. ओळख पटत नसलेला नमुना ठेवायचा नसतो. नष्ट कर आणि मला तारीख कळव."

नळी पोचली होती. विर्वे ती घेऊन तळघरात गेली, जाड हातमोजे घातले आणि शीतपेटीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ तिच्या कोपरापर्यंत चढली. खाली खणाखणांतून हजारो नळ्या उभ्या होत्या, त्यातली आर्नोची कुठे आहे हे तिला न बघता माहीत होतं. नष्ट करायच्या नळ्यांचा पिवळा डबा शेजारीच होता, झाकण उघडं.

तिने नळी डब्यावर धरली. सहा आठवडे केव्हाच उलटून गेले होते. प्रोक्कोला जेवू घालून वाटेला लावलं होतं, मावराने सांगितलं होतं तसंच. तरी तो इथे होता. कारण कुणीतरी त्याचं नाव पुकारलं होतं, आणि त्यानंतर त्याला जा असं कुणी म्हटलं नव्हतं.

गारठा हातमोज्यातून आत आला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. विर्वेने नळी आर्नोच्या खणात उभी केली आणि झाकण लावलं. डब्यात टाकली असती तर त्याला कुठे पाठवायचं, हे तिला सांगता आलं नसतं.